लांबलेली थट्टा

डोनाती चितालू मेला, आणि अख्ख्या म्वायसेनी वस्तीत त्याला शिव्या घालायला माझ्याखेरीज कोणी उरलं नव्हतं.

सकाळी नळावर बातमी कळली. बायका आपापल्या बादल्या विसरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी माझी बादली भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. कोणाला काय बघायचं ते बघू दे. अठरा वर्षं मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. तो रस्त्यानं येताना दिसला की मी कुंपणाकडे तोंड करून उभी राहायचे, आणि तोही मान खाली घालून जायचा.

थोड्या वेळानं चर्चमधली एक बाई निरोप घेऊन आली. चितालूच्या बायकोनं, बाना कांग्वानं म्हणजे कांग्वाच्या आईनं, पाठवला होता.

"ती म्हणाली, बाना झेलिपाला सांगा घरात मढं आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही. म्हणाली एवढंच सांगा, तिला कळेल."

बाना झेलिपा, झेलिपाची आई, म्हणजे मी. कळलं तर होतंच. आम्ही न्गोनी जमातीचे आणि ते बेंबा. आमच्या आणि त्यांच्या पणजोबांनी एकमेकांची गुरं पळवली, गावं जाळली, माणसं कापली. शेवटी दोघंही थकले तेव्हा म्हणे ठरलं, की यापुढे लढायचं ते फक्त तोंडानं. न्गोनीनं बेंबाला माकडखाऊ म्हणायचं, बेंबानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, आणि रागावला तो हरला. या नात्याला आणि त्यातल्या माणसालाही आम्ही चिम्बुया म्हणतो. चिम्बुया लग्नात कोंबडीचं भांडं पळवतो, बारशाला पोराला माकडाचं पिल्लू म्हणतो. पण त्याचं खरं काम असतं मयताला. सगळे रडत असताना मेलेल्याची टिंगल त्यानं करायची. तो मान फक्त त्याचा, आणि ते कामही फक्त त्याचं.

माझी सासू गेली तेव्हा माझा नवरा, लाझालो जेरे, दोन दिवस पाण्याच्या घोटावर होता. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवायचा. कबरस्तानात पेटी खाली सोडायची वेळ आली, तर खड्ड्यात चितालू आडवा पडलेला. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून.

"चल, निघ बाहेर," लोक म्हणाले.

"नाही निघत. या म्हातारीनं मला उंदराचं कालवण करून घालायचं कबूल केलं होतं. न घालता चालली. मीही हिच्यासोबत जातो. तिकडे तरी करून घालेल."

आधी कोणी हसलं नाही. मग जेरेच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं गुदमरला. पण तो हसत होता, आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला. चितालू खड्ड्यातून ओरडला, "अरे, रडतोस काय, कालवणाचं बोल." एक जिवंत कोंबडी कबूल केल्यावर तो बाहेर आला. त्या संध्याकाळी जेरे पोटभर जेवला. माणसाला रडू कसं फुटतं हे मला तोवर ठाऊक होतं. ते थांबवायलाही कोणीतरी लागतं, हे त्या दिवशी कळलं.

दोघं एकाच तांब्याच्या खाणीत होते. जेरे वर पिंजरा चालवायचा, ज्यात बसून माणसं खाली जातात आणि वर येतात. चितालू खाली सुरुंग भरायचा. रोज पाळी सुरू होताना पिंजऱ्याच्या दारात दोघांचं भांडण.

"आज तुला वर आणू की खालीच ठेवू, माकडा?"

"आणू नकोस. खाली उंदीर भरपूर आहेत. तुझ्या सासऱ्याला जेवायला बोलावतो."

आणि जेरे त्याला अशा बेतानं खाली सोडायचा, की मांडीवर ठेवलेल्या डब्यातलं कालवणही सांडू नये. हे मला खुद्द चितालूनंच सांगितलं होतं, तेव्हा आम्ही बोलत होतो.

त्या काळी देशात एकच पक्ष होता. आता म्हणतो जुना पक्ष, तेव्हा नुसता पक्ष म्हटलं तरी पुरायचं. तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पक्षाचं कार्ड नसेल तर बसमध्ये चढू देत नसत, बाजारात शिरू देत नसत. पोटुशी बाई ऊन लागून खाली बसली तरी पोरं आधी कार्ड मागायची. जेरे आमच्या वस्तीतल्या शाखेचा अध्यक्ष होता. त्याचा पक्षावर जीव होता. इंग्रजांना घालवणारी माणसं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, आणि त्या माणसांचं काही चुकू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरत नसे. माझं आणि त्याचं यावरून वाजायचं. पण तो लबाड नव्हता.

चितालूनं कार्ड कधी काढलंच नाही. एकदा बसथांब्यावर पक्षाच्या पोरांनी त्याची गचांडी धरली. हात उगारलेले, खाली पाडणारच होते. मी बाजाराची टोपली घेऊन तिथे उभी होते. जेरे धावत आला.

"सोडा त्याला. तो माझा चिम्बुया आहे."

"अध्यक्ष, याच्याकडे कार्ड नाही."

"असेल कुठून? माकडानं खाल्लं असेल. सोडा."

पोरं हसली आणि सोडलं. चितालूनं सदरा झटकला आणि बसमध्ये चढता चढता म्हणाला, "तुमच्या अध्यक्षाला विचारा, वर्गणीतून किती पिंजरे घेतले उंदरांना." सगळी बस हसली. जेरे तर सगळ्यात जास्त.

मग ते वर्ष आलं. मक्याच्या पिठाचा भाव एका रात्रीत दुप्पट झाला, शहरांत दगडफेक झाली, आणि सरकारनं मान्य केलं की आता दुसरे पक्षही निघू शकतील. आमच्या वस्तीत तर जणू साथ आली. जो उठेल तो सभा घेतो, जो बसेल तो वर्गणी मागतो. दारूच्या अड्ड्यावर दोन बाकांचे दोन पक्ष झाले. नवऱ्याचा एक आणि बायकोचा दुसरा अशी घरं झाली. खरं सांगते, मला आनंद झाला होता. कार्डाशिवाय बाजारात जाता येईल यापेक्षा मोठं स्वातंत्र्य मला तरी ठाऊक नव्हतं.

चितालू खाणीच्या कामगार संघटनेत होता, बोलायला पक्का. नव्या पक्षानं त्याला वस्तीतला प्रमुख केलं. तो हे सांगायला आमच्या दारात आला आणि दारातूनच ओरडला, "जेरे घरात आहे की बिळात?"

"शेपूट बाहेर काढून ठेव आणि आत ये," जेरे म्हणाला.

त्या दिवशी दोघांनी बसून मुन्कोयो, मक्याचं आंबवलेलं पेय, प्यायलं आणि एकमेकांच्या पक्षांची अशी सालटी काढली की शेजारी कुंपणाला टेकून ऐकत होते. निघताना चितालू म्हणाला, "रविवारी माझी पहिली सभा आहे, फुटबॉलच्या मैदानावर. राजधानीतून मोठे साहेब येणार आहेत."

"मग मला यायलाच पाहिजे. तुला टोकायला कोणी नसेल तर तू फुगशील."

"ये. पण जास्त टोकू नकोस," चितालू म्हणाला. हसतच म्हणाला. ते हसणं मला थोडं उशिरा आल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी जेरे निघाला तो जुन्या पक्षाचा शर्ट घालून.

"तेवढा शर्ट तरी बदला, बाशी झेलिपा," मी झेलिपाच्या बापाला म्हणाले.

"चिम्बुयाकडे जायला शर्ट कशाला बदलायचा?"

मी सोबत गेले. मैदान भरलं होतं. आमची वस्ती होतीच, शिवाय मोठ्या शहरातून लॉरी भरून पोरं आणली होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे सदरे, कपाळाला पट्ट्या. ती पोरं आमची नव्हती. त्यांना आमच्यातलं कोण कोणाचं काय लागतं हे ठाऊक नव्हतं. मंचावर सुटातले साहेब बसले होते आणि त्यांच्या शेजारी चितालू, हातात भोंगा घेऊन. त्यानं बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतून जेरे उठला.

"लोकहो, त्याच्या हातातला भोंगा काढून घ्या. माकडाच्या हातात काही दिलं की ते आधी चावून बघतं."

आमची वस्ती खदखदून हसली. चितालूच्याही ओठांचा कोपरा हलला, मी पाहिलं. मग साहेबांनी मान वळवून त्याला काहीतरी विचारलं. चितालूचा चेहरा सरळ झाला. त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं.

लॉरीवरची पोरं खाली उतरली होती. त्यांना तो शर्ट दिसत होता, बाकी काही नाही. "हेर आहे, सभा मोडायला पाठवलाय," कोणीतरी ओरडलं. पहिला फटका पाठीत बसला तेव्हासुद्धा जेरे हसत होता. खाली पडल्यावर त्यानं मान वर केली आणि मंचाकडे बघून ओरडला, "चितालू, सांग यांना मी कोण आहे ते."

चितालूच्या हातात भोंगा होता. तो नुसता कुजबुजला असता तरी मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. त्यानं साहेबांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि भोंगा खाली केला.

मी जेरेच्या अंगावर पडले म्हणून तो जिवंत राहिला. कमरेचं हाड मोडलं होतं. पुन्हा तो पिंजऱ्याजवळ गेला नाही.

ऑक्टोबरात नवा पक्ष जिंकला. रात्रभर वस्ती नाचली. जेरे खाटेवर पडून गाणी ऐकत होता. मी दार लावायला उठले तर म्हणाला, "राहू दे उघडं. तो येईल आता. जिंकलाय ना, मला चिडवायला येईल."

तो आला नाही.

मग जेरे सकाळी उन्हात दाराशी स्टुलावर बसू लागला. मी काखेत धरून त्याला बसवायचे. रस्त्यावर बूट वाजले की मान वर. माझा संताप व्हायचा. एकदा मी बोललेच, "तो गप्प बसला. तुम्ही जिवानिशी मरत होतात आणि तो मेला गप्प बसला. अजून वाट कसली बघता?"

"ती थट्टाच आहे गं त्याची," जेरे म्हणाला. "जरा लांबली आहे, एवढंच."

बाना कांग्वा मात्र यायची. कधी पीठ आणायची, कधी वाळवलेली मासळी. खाली मान घालून बसायची. एकदा जेरेला मानानं म्हणाली, "त्यांना लाज वाटते, मुक्वाई. रोज निघतात, कोपऱ्यापर्यंत येतात आणि परत जातात."

"त्याच्या लाजेला मी काय करू?" जेरे म्हणाला. "त्याला म्हणावं, एक शिवी घेऊन ये. बाकी काही नको."

दुसऱ्या वर्षी थंडीत जेरे गेला. कमरेपासून सुरू झालेलं दुखणं छातीपर्यंत चढलं होतं. त्या सकाळीही मी त्याला स्टुलावर बसवलं होतं.

चितालू तोवर नगरसेवक झाला होता. मयताला तो येणार हे मला ठाऊक होतं. आणि काय सांगू, माझ्या मनातसुद्धा ते शिरलं होतं. मी पेटीजवळ बसून वाट बघत होते, की हा आता येईल, खड्ड्यात आडवा पडेल, म्हणेल, निघालास का उंदीरखाऊ, मला न विचारता. मी त्याला माफ केलं असतं की नाही ठाऊक नाही. पण जेरेला ती शिवी मिळायला हवी होती. त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पक्षाची लॉरी आली. चितालू उतरला, काळा सूट, चकाकणारे बूट. त्याच्यासोबत दोन साहेब. लोकांनी त्याला खुर्ची दिली. मग तो उठला, हात जोडले, आणि कागद न बघता बोलला.

"दिवंगत श्रीयुत लाझालो जेरे हे एक आदरणीय नागरिक होते. मतभेद असूनही आम्ही त्यांचा सदैव सन्मान केला."

बस. फुलांचं चक्र ठेवलं आणि खुर्चीत बसला. गर्दीतल्या म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. आमच्यात चिम्बुयानं मेलेल्याला श्रीयुत म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. परक्याला श्रीयुत म्हणतात. माझ्या नवऱ्याला त्यानं परका करून पुरलं.

ते वाक्य मी जपून ठेवलं. भांडी घासताना, शेंगा फोडताना मी ते मनात म्हणायचे, नाव बदलून. दिवंगत श्रीयुत डोनाती चितालू हे एक आदरणीय नागरिक होते. हा मेला की मी जाईन, सगळ्यांदेखत हे म्हणेन आणि घरी येईन. ज्याला कळायचं त्याला कळेल. निरोप आला त्या सकाळी मी अंघोळ केली, चांगलं चितेंगे कमरेला गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि ते वाक्य घेऊन निघाले.

मयताला आलेली माणसं बसावीत म्हणून चितालूच्या घरातलं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. आत बायका जमिनीवर बसल्या होत्या. बाना कांग्वा भिंतीला टेकून, डोक्यावरून कापड ओढलेली. मी शेजारी बसले. तिनं माझा हात धरला. मी तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

मग ती म्हणाली, "तुमच्याकडच्या मयताच्या दिवशी सकाळी हे आरशापुढे उभे राहून उंदराची नक्कल करत होते. मिशा फेंदारून. मला विचारलं, जमतंय का. मी म्हटलं, जेरे पेटीतून उठून बसेल."

"मग केली का नाही?"

"लॉरीत साहेब येऊन बसले."

साहेब येऊन बसले म्हणे. आमच्या सगळ्या आयुष्यात कोणी ना कोणी साहेब लॉरीत येऊन बसलेला असतो. माझं वाक्य तोंडात तयार होतं.

चितालूचं नंतर काय झालं ते वस्तीला ठाऊक आहे. पक्षानं त्याला दोनदा नगरसेवक केलं, तिसऱ्यांदा तिकीट दुसऱ्याला दिलं. खाण विकली गेली तेव्हा निम्मी वस्ती बेकार झाली, आमचे न्गोनी पूर्वेला आपापल्या गावी गेले, आणि लोक याला जाब विचारू लागले. नव्या पक्षातून एक आणखी नवा पक्ष निघाला, हा तिकडे गेला. तिथे पटलं नाही म्हणून परत आला. शेवटची वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. पण आता पोटनिवडणूक महिन्यावर आली होती, आणि मेलेला चितालू एकदम दोन्ही पक्षांना हवासा झाला होता.

कबरस्तानात दोन लॉऱ्या उभ्या होत्या. एका पक्षानं पेटीवर आपलं कापड घातलं. दुसऱ्यानं त्यावर आपलं घातलं. पहिल्यांनी ते ओढलं. पेटी हलली आणि खांदेकऱ्यांचे पाय घसरले. पाद्रीबाबा मध्ये पडले, तेव्हा ठरलं की डोक्याकडे एक कापड आणि पायाकडे दुसरं. मग भाषणं. एक उठला, "आदरणीय चितालू." दुसरा उठला, "परम आदरणीय." तिसरा, "त्यांचा आम्ही सदैव सन्मान केला." यातल्या कोणीही त्याला आजारपणात पाण्याचा पेला दिला नव्हता. मी ऐकत उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझं वाक्य यांनी वापरून टाकलंय. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य. आता मी ते म्हटलं असतं तर त्यांच्यातलीच एक झाले असते.

खड्डा उघडा होता. त्यात कोणी आडवं पडलेलं नव्हतं.

मी पुढे गेले. गुडघे धरून खड्ड्याच्या काठावर बसले आणि पाय आत सोडले. भाषण करणारा थांबला.

"थांबा," मी म्हणाले. "हे माकड असं पुरू नका. याची शेपूट बघा आधी बांधली आहे का. नाहीतर बाहेर येईल."

कोणी हसलं नाही. तरुण पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला विचारा, मी याला ओळखते. आयुष्यभर या झाडावरून त्या झाडावर. याची फळं खा, फांदी मोड, पुढच्या झाडावर. कुठेच पोट भरलं नाही मेल्याचं. आता पडला खाली, तर डोक्याला एक कापड, पायाला दुसरं. अरे, माकडाला कधी कपडे घालतात का?"

माझा दंड कोणीतरी धरला. पक्षाचा सदरा घातलेला पोरगा, दांडगा. कुठल्या पक्षाचा ते मी बघितलं नाही.

"ए म्हातारे, कुणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही पाठवलं."

"झाडं म्हणजे पक्षच ना? आम्हाला कळत नाही होय? मयतात राजकारण करतेस? कुठल्या पक्षाची तू?"

दुसऱ्या बाजूनं आणखी एक आला. दोघांनी मला उचललं. एक चप्पल खड्ड्यात पडली. मी गर्दीकडे पाहिलं. ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारे मागे होते, आणि मागेच राहिले. साहेब खुर्च्यांवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, ठीक आहे जेरे, तुम्हाला असंच वाटलं असेल त्या मैदानात.

आमच्यात कबरीजवळ विधवेनं तोंड उघडायचं नसतं. कापड ओढून, मान खाली घालून बसायचं, माती पडेपर्यंत. बाना कांग्वा तशीच बसली होती. ती उठली. डोक्यावरचं कापड खांद्यावर पडलं, ते तिनं सावरलं नाही.

"सोडा तिला," ती म्हणाली. "ती आमची चिम्बुया आहे."

तिच्या हातात भोंगा नव्हता. आवाजही फारसा नव्हता. पण पोरांचे हात सुटले.

एवढंच वाक्य होतं. म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागत नाही. मी ते बसथांब्यावर माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि मैदानात त्याच्यासाठी ते कोणीतरी म्हणावं म्हणून थांबले होते. आज ते माझ्यासाठी आलं, जिथे माझं काही मोडायचं राहिलं नव्हतं. मी मातीच्या ढिगाऱ्यावर बसले आणि जेरे गेला तेव्हा रडले नव्हते तशी रडले, तोंड न झाकता.

बाना कांग्वा येऊन माझ्याजवळ टेकली. तिचा चेहरा ओला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत, जेरे हसला होता तशी.

"पुढे बोल," ती म्हणाली. "अजून संपलं नाही. घाल ह्यांना शिव्या."

खांदेकऱ्यांनी दोर सोडायला घेतले होते. मी त्यांना हातानं थांबवलं, पेटीकडे वाकले आणि नाक पुसलं.

"जा आता, माकडखाऊ," मी म्हणाले. "तो दाराशी स्टुलावर बसलाय. इतका उशीर कोणी करतं का?"

मग त्यांनी पेटी खाली सोडली. माझी चप्पल खालीच राहिली, ती कोणी काढली नाही.